वांझ गाईचा धनी

आमच्या इंद्रलोक वसाहतीच्या मागे ज्या गोठ्यातून मी दूध आणते, तिथला धनी काहीही बोलण्याआधी जवळ उभ्या गाईची पाठ थोपटतो. त्याची एक गाय कधी व्यायलीच नाही. "हिला कशाला सांभाळताय?" मी एकदा विचारलं.

त्याने तिची पाठ थोपटली. "हिच्यासंगं जुळा गोऱ्हा होता. पोटात त्याचे हार्मोन हिच्या रक्तात गेले, म्हणून हिची पिशवी वाढलीच न्हाय, डॉक्टर बोलले. हिचा काय गुन्हा?"

वसुबारसेला बायका तिथे गाय-वासराची पूजा करतात. मला मूल नाही, म्हणून मी दूध घेऊन गुपचूप निघायचे. यंदा त्याने मला थांबवलं, आरतीचं ताट हातात दिलं आणि त्याच गाईची पाठ थोपटली.

"ताई, पयली आरती हिची."

लेकुरवाळ्या मागे थांबल्या. मी मुळीच घाई केली नाही.