मिशा नसलेली समाधी

गेंग मिस्त्री जन्माचा तुसडा. पण फूचिंग साहेबाइतका राग त्याने कुणाचाच केला नव्हता.

चीनचा बादशहा जिवंत असतानाच त्याच्या समाधीचं काम चाललं होतं, आणि फूचिंग त्या कामावरचा मुख्य अधिकारी होता. दगडी हत्ती-उंटांमधून जाणारा रस्ता, पूल, दरवाजा, नैवेद्याचा महाल, मनोरा, आणि सगळ्यांच्या मागे डोंगराला टेकून मातीचा मोठा ढिगारा. सगळं एका सरळ रेषेत. ढिगाऱ्याच्या पोटात शवपेट्यांची खोली. तिथलं फरशी बसवायचं काम गेंगकडे होतं. फरशीखालून दोन चर काढून पाणी बाहेर न्यायचं, ही रीत. कारागीर त्यांना ड्रॅगनच्या मिशा म्हणत. शुभमुहूर्ताआधी काम उरकून बढती लाटायची म्हणून फूचिंगने नकाशातून त्या खोडूनच टाकल्या.

"जमीन कोरडी ठणठणीत आहे. चर कशाला?"

"साहेब, डोंगराचं पोट आहे हे. पाणी येणारच."

"तू मला शिकवणार? चिखलात लोळणाऱ्याने चिखलाएवढंच बोलावं!"

सगळे हसले. गेंगने दात-ओठ खाल्ले.

प्रत्येक फरशीच्या पोटाशी बसवणाऱ्याचं नाव कोरायचं असतं, पुढेमागे चूक निघाली तर मान कुणाची उडवायची ते कळावं म्हणून. गेंगने शेवटच्या फरशीवर नावाखाली कोरलं, 'फूचिंगच्या हुकमाने चर नाहीत. पाणी येणार.' मग ती पालथी बसवली. "आता बुडशील तर तूच बुडशील, गाढवा!"

तिसऱ्या वर्षी महाराणी वारली. तिला ठेवायला दार उघडलं, तर आत घोटाभर पाणी. फरश्या उखडल्या, तेव्हा तो मजकूर सापडला आणि दोघांनाही दरबारात उभं केलं.

"अक्षर तुझं?" न्यायाधीशाने विचारलं.

"माझंच, सरकार!" गेंग छाती काढून म्हणाला.

"म्हणजे पाणी येणार हे तुला ठाऊक होतं. तरी गप्प बसलास?"

हेच चार शब्द वेळेवर दरबारात कळवायला कुणी गेंगचं तोंड दाबलं नव्हतं. पण त्याला समाधी वाचवायची नव्हती, फूचिंगची मान हवी होती.

दोघांना एकाच साखळीत सरहद्दीवर हाकललं, आणि तिथे झोपडीही एकच मिळाली. बर्फ वितळलं तसं भुईतून पाणी वर आलं. फूचिंगची गोधडी भिजली. गेंगचीही भिजली.

"मिस्त्री," फूचिंग काकुळतीने म्हणाला, "एखादा चर काढ ना रे."

गेंग ओल्या गोधडीवर कूस बदलून म्हणाला, "जमीन कोरडी ठणठणीत आहे, साहेब."