उद्या काय आणाल?

"उद्याची मासळी आजच घरात आली, तर उद्या उठायचं कशाला?"

असं मनमोहन मानकर एकदा चिराबाजारात म्हणाले होते. शेजारी एक पारशी गृहस्थ बर्फाच्या पेटीत आठवडाभराचं पापलेट भरून घेत होता आणि चंपा कोळीण हातातला कोयता थांबवून त्याच्याकडे बघत होती. मनमोहनचं बोलणं तिला फार आवडलं. "ऐका गो, यो काय बोलतंय!" म्हणून तिने ते शेजारच्या ओट्यांवरच्या बायकांना ओरडून सांगितलं. त्या सगळ्या हसल्या आणि मनमोहनही हसले. तेव्हा ती थट्टाच होती.

मनमोहन गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घराण्यातले. आजोबांच्या काळी घरं होती, घोडागाडी होती. वडिलांच्या काळी ती गेली, आणि मनमोहनच्या वाट्याला ठाकुरद्वारच्या गल्लीतलं दुसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं बिऱ्हाड आणि सरकारी कचेरीतली कारकुनी आली. कारकुनीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आयुष्यभर ते एका टेबलावरचे कागद दुसऱ्या टेबलावर पाठवत राहिले. निवृत्त झाल्यावर एकदा ते सहज कचेरीत गेले, तेव्हा कागद त्यांच्यावाचून जात होते आणि पूर्वीपेक्षा लवकर जात होते. त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत.

मासळी मात्र त्यांच्यावाचून घरात येत नव्हती. त्यांच्या लोकांत मासळी आणणं हे घरच्या पुरुषाचं काम. गड्याला पाठवणं म्हणजे सोयऱ्यांत नाव घालवणं. रोज सकाळी चहा झाला की ते कोट चढवत, दाराशेजारच्या खिळ्यावरची मेणकापडाची पिशवी काढत आणि चिराबाजारची वाट धरत. घासाघीस करत नसत. कल्ला उचलून बघत, बोटाने पोट दाबत, नाक खाली नेत. चंपा सगळ्यांनाच अरे-तुरे करी. ती म्हणायची, "घे ना रं एकदाचं! बायको पसंत करताना तरी इतका बघितलास काय?"

"तेव्हा बघितलं असतं तर आज तुझ्याकडे कशाला आलो असतो?" मनमोहन म्हणत, आणि ती हातातली शेपूट त्यांच्यावर उगारी.

घरी संध्याकाळी दिवा लागला की यशोदा, त्यांची बायको, विचारायची, "उद्या काय आणाल?"

ते आधी खिडकीबाहेर बघत. "बघू. वारं कसं आहे त्यावर."

ठाकुरद्वारच्या त्या खोलीत वाऱ्याचा पत्ता लागणं शक्य नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"रावस मिळाला तर."

"रावस नको हो, परवाच झाला."

"मग मुडदुशा."

"मुडदुशा चालतील. पण कोवळ्या बघा, मागच्या वेळच्या निबर होत्या."

उभ्या आयुष्यात त्या दोघांनी एकमेकांना याहून वेगळं फारसं काही विचारलं नाही. भांडण होऊन बोलणं बंद असलं, तरी हा प्रश्न सुटत नसे. यशोदा तो भिंतीकडे बघून विचारी आणि मनमोहन भिंतीकडे बघून उत्तर देत. ती हॉस्पिटलात होती तेव्हाही शेवटच्या संध्याकाळी तिने तेच विचारलं. "तू सांग," ते म्हणाले. तिने सांगितलं नाही.

सुतक फिटून घरात पुन्हा मासळी शिजायची वेळ आली, तेव्हा सून, नलू, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मामंजी, उद्या काय आणाल?" तिने विचारलं. मनमोहन उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ खालच्या गल्लीत बघत राहिले. मग म्हणाले, "बघू. वारं कसं आहे त्यावर."

नलू टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला होती. मुलगा वीरेंद्र एका इंग्रजी कंपनीत. सकाळी त्या घरात पळापळ असे. मनमोहन पिशवी घेऊन येत, त्या वेळी नलू एका हाताने वेणी घालत असायची आणि दुसऱ्या हाताने डबे भरत असायची. मासळी साफ करायची, मीठ-हळद लावायची, हाताचा वास घालवायचा आणि धावत सुटायचं. तिने कधी तक्रार केली नाही. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा विचारायची. आता तिला ते विचारायचंच असे की विचारावं लागे, हे मनमोहननी कधी ताडून पाहिलं नाही. ताडून पाहावं असं त्यांना वाटलंही नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली. गल्लीत रोज सभा, रोज घोषणा, मग दगड, मग गोळ्या. शेजारचा हेमचंद्र संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतला माणूस. घसा बसलेला, डोळे तारवटलेले. तो जिन्यात भेटला की मनमोहनना म्हणायचा, "मुंबई कुणाची ते ठरेल तेव्हा ठरेल, काका. चिराबाजार मात्र तुमचा!"

"तो चंपाचा," मनमोहन म्हणत. "आम्ही गिऱ्हाईक."

मग कर्फ्यू लागला. पहिल्या संध्याकाळी नलूने भात-वरण केलं. भांडी पुसता पुसता, सवयीनेच, तिच्या तोंडून गेलं, "मामंजी, उद्या काय आणाल?" म्हटल्यावर तिच्या लक्षातही राहिलं नाही. मनमोहनच्या राहिलं.

सकाळी ते कोट चढवून, पिशवी घेऊन उतरले. गल्ली रिकामी होती. ती इतकी रुंद आहे हे त्यांना माहीत नव्हतं. नाक्यावर पोलिसाने अडवलं.

"कुठं चाललास?"

"मासळी आणायला."

पोलिसाने काठीच्या टोकाने पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं. आत काही नव्हतं. "घरी जा, म्हातारबा," तो जवळजवळ विनवणीने म्हणाला, "कशाला आमच्या हातून मरतोस?"

मनमोहन माघारी वळले आणि मागच्या बोळातून बाजारात गेले. तिथे कोणी नव्हतं. ओटे कोरडे पडले होते. इतक्या वर्षांत त्यांनी ते ओटे कोरडे पाहिले नव्हते. चंपाच्या ओट्याच्या दगडाला मधोमध खळगा पडला होता, तो नेहमी पाण्याखाली असायचा. ते त्या खळग्याकडे बघत उभे राहिले. लांबून कुठून तरी फटाक्यांसारखे आवाज आले, तेव्हा ते निघाले.

वीरेंद्र जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तोंड पांढरंफटक पडलेलं. वडिलांना बघताच त्याने मूठ भिंतीवर आपटली.

"एका पापलेटासाठी मरायला निघाला होतात?"

"पापलेट नव्हतंच," मनमोहन म्हणाले. "काहीच नव्हतं."

वीरेंद्र तिथेच पायरीवर बसला आणि रडायला लागला. बाप जिवंत परत आला म्हणून मुलगा रडतो, हे मनमोहन पहिल्यांदाच पाहत होते. ते त्याच्या बाजूने अंग चोरून वर गेले आणि पिशवी खिळ्याला लावली.

पावसाळ्याच्या आधी घरात फ्रिज आला. कंपनीतल्या ओळखीने आणि हप्त्यांनी. चार हमाल तो जिन्यावरून आणत होते तेव्हा सगळी चाळ कठड्याला लोंबली होती. हेमचंद्रने त्याला हळद-कुंकू लावा म्हणून सुचवलं. वीरेंद्रने वडिलांना हाताला धरून आणलं, दार उघडलं, आतला दिवा दाखवला. "आता हरताळ होवो नाहीतर कर्फ्यू लागो," तो म्हणाला, "तुम्हाला बाहेर पडायला नको. मी रविवारी ट्रामने क्रॉफर्ड मार्केटातून आठवड्याचं आणून टाकीन. तुम्ही आता आराम करा, भाऊ."

त्याच्या आवाजात माया होती. मनमोहन त्याला नाही म्हणू शकले नाहीत. दुष्टपणाने कोणी काही हिसकावून घेतलं, तर माणूस आरडाओरडा तरी करू शकतो.

नलूच्या सकाळी मोकळ्या झाल्या. ती बसून चहा पिऊ लागली. तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वास्थ्य मनमोहननी पूर्वी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून आपल्याला आनंद होत नाही याची त्यांना लाज वाटली. संध्याकाळचा प्रश्न मात्र बंद झाला. तो कोणी मुद्दाम बंद केला नाही. उद्याचं आत होतंच, मग विचारायचं काय?

काही दिवस ते रिकाम्या हाताने बाजारात गेले. चंपाच्या ओट्याशी उभे राहिले.

"काय रं, पिशवी कुठं? सुनेनं टाकलं काय तुला?"

"घरात कपाट आलंय बर्फाचं."

"कपाटान् मासं? मग कपडे कुठं ठेवता, चुलीवर?" चंपा खदखदली. मग कोयता पुसत म्हणाली, "तुमच्या गल्लीतल्या बाया आता मोठं मोठं तुकडं मागतात. काटा नको म्हणतात. मुडदुशी कोण नेतंय? काटं काढीत बसायला येळ हवा ना."

घरात जेवताना मनमोहन पहिल्या घासाला थांबत. "मेलेलं आहे," म्हणत.

"मासा मेलेलाच असतो, भाऊ."

"तुला नाही कळायचं. चव गेली याची. कापूस लागतोय."

ते तुकडा पानाच्या कडेला सारत. वीरेंद्र वैतागे, नलू भात वाढत राही. पण त्यांचं म्हणणं खोटं आहे असं दोघांपैकी कोणी कधी म्हणालं नाही. जिभेच्या बाबतीत त्यांचा शब्द त्या घरात अजून चालत होता. ज्याला फरक कळतो तो माणूस, एवढी एक जागा त्यांना उरली होती. ते तिला धरून बसले होते, आणि एक तुकडा कडेला सारला की अंथरुणात पडल्यावर त्यांना जरा बरं वाटे.

श्रावण सरल्यावर एका बुधवारी त्यांना राहवलं नाही. पिशवी काढली, बाजारात गेले आणि चंपाकडून मुडदुशा घेतल्या. कोवळ्या, बोटभर, डोळे अजून ओले. चंपाने त्यांच्याकडे बघून दोन वर टाकल्या. घरी आले तेव्हा नलू निघायच्या घाईत होती.

"आज दाट आटलं कर यांचं," मनमोहन म्हणाले. "लसूण सढळ घाल. यशोदा करायची तसं."

नलूने पिशवीत पाहिलं. क्षणभर ती काही बोलणार होती. मग म्हणाली, "ठेवा तिथे, मामंजी. मी बघते."

दिवसभर मनमोहन उगाच घरात फिरत राहिले. संध्याकाळी लसणाचा वास सुटला तेव्हा त्यांनी सदरा बदलला. पानावर बसले. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"हं!" ते म्हणाले. "याला म्हणतात मासा. वीरेंद्र, खाऊन बघ. कळतंय का काही?"

"छान झालंय," वीरेंद्र म्हणाला.

"झालंय नव्हे, आहे! आज सकाळी समुद्रात होतं हे. यात जीव आहे. तुझ्या त्या कपाटातल्या चिंध्यांना ही चव सात जन्मांत येणार नाही."

"बरं, भाऊ."

"बरं काय? मी सांगतो म्हणून बरं म्हणू नकोस. जिभेवर ठेव आणि सांग. इतके महिने मी काय बोंबलतोय, ते हेच."

नलू म्हणाली, "मामंजी, जेवा ना. गार होतंय."

"नाही, तू सांग त्याला. तू शिजवलंस, तुझ्या हाताला कळलं असेल. फरक आहे की नाही? सांग."

नलूने भाताचं पातेलं खाली ठेवलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं. तिच्या सासूलाही आलं नव्हतं.

"हे रविवारचं आहे," ती म्हणाली. "यांनी तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम मुडदुशा आणल्या होत्या. काल रात्रीच मी मसाला लावून ठेवला होता. आधीचं आधी संपवायला हवं ना. तुम्ही आणलेल्या फ्रिजमध्ये ठेवल्यात, उद्यासाठी."

वीरेंद्र हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि काटे वेचू लागला, अगदी एकेक करून, जणू त्यांचं काही तरी करायचं होतं.

मनमोहननी पानातलं सगळं संपवलं. काटे चोखून कडेला लावले. हात धुतला, पंच्याने पुसला आणि जाऊन कपाटाचं दार उघडलं. आतला दिवा लागला. पाण्याच्या बाटल्यांच्या मागे, चिनी मातीच्या वाडग्यात, त्यांच्या मुडदुशा एकीला एक चिकटून पडल्या होत्या. त्यांनी वाडगा उचलून नाकाशी नेला. गारव्याखेरीज कसलाच वास आला नाही. वास मुडदुशांना नव्हता की त्यांचं नाकच गेलं होतं, आणि गेलं असेल तर कधीपासून, हे आता कोणाला विचारायचं? चंपाने इतकी वर्षं जे दिलं ते आपण नाकाने निवडलं, की तिने द्यायचं म्हणून दिलं?

त्यांनी वाडगा जागच्या जागी ठेवला. दार लावलं. आतला दिवा विझला असणार, पण बाहेरून ते दिसत नव्हतं.

मग ते बाहेरच्या खोलीत आले आणि कोट चढवला. नलू ओल्या हातांनी त्यांच्या मागे आली. खिळ्यावर पिशवी होती, तिच्या तळाशी सकाळचं पाणी साचून अजून थेंब गळत होते. नलू त्या थेंबांकडे बघत राहिली.

"मामंजी," तिने विचारलं, "उद्या काय आणाल?"

मनमोहन उंबऱ्यात थांबले. वळून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पोर चांगली होती. तिने तो प्रश्न कुठून, किती खालून काढून आणला असेल, ते त्यांना दिसलं, आणि तो मासळीसाठी नव्हता हेही. पिशवीला हात न लावता त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरू लागले.