अन्वरभाईंचा ठेका

आमच्या बँडमधले तिघे कधीच एका खोलीत बसत नाहीत, म्हणूनच आमचा बँड टिकून आहे. चाल आणि पेटी माझी, बुऱ्हाणपुरात. ढोलक मित्र दिलीपची, तो नोकरीला नेपानगरला. गळा मामेभाऊ राजूचा, दापोऱ्यात. (तो केळीच्या मळ्यात उभा राहून गातो. घरात गायला त्याला बंदी आहे!) मी पेटी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायची, दिलीपने ती ऐकत ढोलक भरायची, राजूने त्यावर गायचं. भांडणं फक्त फोनवर.

अशात शाहपुरच्या माझ्या पुतणीचं, पिंकीचं लग्न ठरलं. तिने सासरी जाहीर करून टाकलं, "मांडवात मी काकांच्याच गाण्यावर येणार!" वहिनींना मात्र डीजे हवा होता.

"भाऊजी, गाणं फसलं तर भर मांडवात पोरीचं हसं होईल. आधी ऐकवा, नाहीतर डीजे!"

पोरीने एवढा भरवसा टाकला म्हणून मी हरखलो, आणि घाबरलोही.

गाणं झालं. लय इतकी पक्की की मीच माझी पाठ थोपटली. संध्याकाळी पिंकीचा फोन.

"काका, एक नंबर बना है! पण मागे ते खटाखट खटाखट काय चालू आहे?"

"कुठे खटाखट?"

मी पुन्हा ऐकलं. बायकोला ऐकवलं. "मला तर काहीच येत नाही ऐकू," ती म्हणाली. मी दिलीपला फोन लावला.

"खटाखट? अरे भो, तो तुझाच ठेका ना! मी त्याच्यावरच तर ढोलक बसवली."

"मी ठेका लावलाच नाही!"

"मग वाजवतंय कोण?"

वाजवत होते शेजारचे अन्वरभाई! म्हणजे त्यांचे पावरलूम, विजेवरचे माग. भिंतीला भिंत लागून, रात्रंदिवस चालू. आमच्या मोहल्ल्यात जन्मलेल्या माणसाला पावरलूम ऐकू येत नाहीत. ते बंद पडले की तो दचकून जागा होतो.

मी अन्वरभाईंना गाठलं.

"मास्टरजी, ऑर्डर का माल है, बंद कैसे करूँ? जुम्मे को छुट्टी रहती है, तब बजा लो."

लग्न तर त्याआधीच, बुधवारी!

आता एकच उपाय उरला. अख्खं गाव लाइट येण्याची वाट पाहतं, मी जाण्याची पाहू लागलो. एरवी दिवसातून दोनदा जाणारी लाइट नेमकी तेव्हाच सतीसावित्री झाली. शेवटी एका दुपारी गेली. माग थांबले, मोहल्ला चिडीचूप झाला, मी पेटीवर झडप घातली.

आणि हात सैरावैरा धावू लागले!

"अहो, कुत्रं मागे लागल्यासारखं काय वाजवताय?" बायको म्हणाली.

दिलीपचा निरोप आला, "पहिलं कडवं बैलगाडी, दुसरं एक्सप्रेस. ढोलक बसवू कशावर?"

जन्मभर ज्या लयीचा मी तोरा मिरवला, ती भिंतीपलीकडची होती. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

तसंच कसंबसं जुळवलेलं नवं गाणं वहिनींनी ऐकलं आणि थेट डीजेवाल्याचा नंबर शोधायला घेतला. पण पिंकीने फोन हिसकावला. "मम्मी, रहने दे ना! खटाखटवालंच लाव. त्याच्यावर पाय तरी बरोबर पडतात."

तेच लावलं. पिंकी मांडवात आली, एकेक पाऊल ठेक्यावर. माणसं टाळ्या वाजवू लागली, व्याही नाचले, वहिनींनी डोळे पुसले. मी मान झुकवून नमस्कार घेत होतो.

जेवणानंतर नवरदेवाचे खंडव्याचे मामा मला शोधत आले.

"क्या ठेका है, साहब! अगले महीने हमारे यहाँ शादी है. आप आइए, और उन ठेकेवाले को ज़रूर साथ लाइए."

"वो कहीं आते-जाते नहीं," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"अच्छा?" त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फिर आप भी क्यों तकलीफ़ करते हो!"