कोंबडीचा टॉवेल

रोज सकाळी, चहाच्याही आधी, आत्या एक टॉवेल इस्त्री करायची. इस्त्रीचं दुकान बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. स्वतःच्या साड्यासुद्धा ती आता तशाच नेसायची. हा टॉवेल मात्र पाणी शिंपडून, कडा जुळवून, गिऱ्हाइकाचा असल्यासारखा. मग ती गरम घडी पिशवीच्या तळाशी, आणि घडीवर तिची तांबडी कोंबडी.

"या घरात माणसं चुरगळलेली नि कोंबडीला इस्त्री!" शेजारीण हसायची.

"माणसं कुठे अशी गप्प बसतात?" आत्या म्हणायची.

कोंबडी बसायची. खाली ऊब लागली की पंख सैल सोडून डोळे मिटायची. पिशवी घेऊन आत्या निघायची ती थेट शुश्रूषागृहात, भावाकडे.

भाऊ शिंपी. एके काळी दोघांची दुकानं शेजारी शेजारी होती. तो शिवायचा, ही इस्त्री करायची. मधल्या भिंतीतल्या खिडकीतून कपडे इकडे यायचे, टोमणे तिकडे जायचे. "दादा, ही बाही माणसाची की हत्तीची?" शिंप्याची मुलगी त्या खिडकीखालीच वाढली. ओल्या सुती कापडावर तापलेली इस्त्री फिरली की येणारा तो वास पुढे कुठेही आला, तरी तिचं पाऊल क्षणभर अडायचं.

मग शिंप्याला झटका आला. वाचाही गेली, आणि कात्रीची ती उजवी मूठ मिटली ती मिटलीच. मुलगी भेटायला गेली की तो खिडकीबाहेर बघायचा, मूठ चादरीखाली लपवायचा. बाबांनी एकदा आपला हात धरावा, एवढंच तिला हवं होतं.

आत्यानं पहिल्यांदा कोंबडी आणली तेव्हा सिस्टर कडाडल्या, "आत्या, इथे आजारी माणसं आहेत!"

"मग? हिचे पाय धुऊन आणलेत. त्यांचे कोणी धुतलेत का विचारा."

"राहू द्या हो सिस्टर," शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पोस्टमन म्हणाला, "अंडं दिलं तर अर्धं तुमचं."

कोंबडी राहिली. आत्या भावाच्या मांडीवर टॉवेल अंथरायची, वर कोंबडी ठेवायची आणि त्याची मूठ उचलून तिच्या पाठीवर टेकवायची. तो मिटल्या बोटांच्या सांध्यांनीच कोंबडीची पाठ चोळायचा. "अरे दादा, गोंजार तिला! शिवण काय दाबतोयस?" त्याच्या घशातून घरघर यायची. ते हसू आहे, असं आत्याचं म्हणणं. मूठ काही उघडली नाही.

थंडीत आत्याच्या छातीत कफ भरला. तिनं भाचीला बोलावलं. "आज तू जा. टॉवेल गरम करून ने."

भाचीला इस्त्री कधी जमलीच नव्हती. घाईघाईत तिनं कशीबशी ती फिरवली, पिशवी उचलली नि पळाली. बाबांच्या मांडीवर टॉवेल अंथरला तर मधोमध ही लांब चुणी! शिंप्यानं चुणीकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं, तिनं शाळेत असताना वाकडी शिवण घातली की बघायचा तसं. मूठ चुणीवर आली. चुणी हलेना. मग करंगळी सुटली, पाठोपाठ बाकीची बोटं, थरथरत, आणि सगळा तळवा कापडावरून फिरला. एकदा, दोनदा. आत्याच्या टॉवेलला चुणी कधी पडलीच नव्हती.

मुलीनं कोंबडी उचलून अलगद टॉवेलवर ठेवली. तो तळवा कोंबडीच्या पाठीवरून फिरता फिरता मुलीच्या बोटांवर आला आणि तिथेच थांबला.

भाची धावतच परतली. आत्याच्या उशाशी बसून, रडत हसत तिनं सगळं सांगितलं. आत्यानं डोळे मिटून ऐकून घेतलं. बराच वेळ तिचा हात भाचीच्या गुडघ्यावर होता. त्या रात्री आत्या झोपेत गेली ती गेलीच. पण त्याआधी एकदा तिनं डोळे उघडले होते.

"इस्त्रीचा प्लग काढला होतास ना गं?"