आपांचा स्टॉल

मुंबईतल्या दंगलींना वर्ष-दीड वर्ष झालं असेल. वाशीतल्या आमच्या महिला मंडळानं दरवर्षीच्या घरगुती धंद्यांच्या मेळाव्यात या वेळी मुसलमान बायकांनाही बोलवायचं ठरवलं. आमच्या सोसायटीमागच्या बैठ्या घरांत एक आपा राहायच्या. उरणकडच्या कोकणी मुसलमान. नवरा गेल्यावर त्या सांदणं करून विकत. तांदळाची, नारळाच्या दुधातली, हातात धरवणार नाहीत इतकी मऊ. त्यांना विचारायला मी गेले.

"येईन की," त्या म्हणाल्या. "फक्त शुक्रवार नको. आनि आमाला वेगळ्या कोपऱ्यात नका बसवू. पापडवाली बसते ना, तिच्या बाजूलाच बसवा."

मंडळानं दोन्ही मान्य केलं. रविवारी आपा दोन मोठे डबे घेऊन, इस्त्रीची साडी नेसून आल्या. एका आजोबांनी तिथंच उभ्यानं सांदण खाल्लं आणि आणखी एक मागितलं. आपा खुलल्या. नारळाचं दूध कसं काढायचं ते पापडवालीला हातवारे करून सांगू लागल्या.

तेवढ्यात आमच्या अध्यक्षबाईंनी माइक हातात घेतला. "या आपल्या गरीब अल्पसंख्याक भगिनी. त्यांच्यावर वाईट वेळ आलीय. प्रत्येकानं काहीतरी घ्याच!"

बाईंच्या मनात खोट नव्हती. लोकही लगेच वळले. भराभर पुडे उचलले गेले. एकीनं पुडा न बघताच पिशवीत टाकला, आपांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाली, "काळजी करू नका हं."

आपांचा चेहरा उतरला. दुपारच्या आत डबे रिकामे झाले. मंडळ खूश होतं. आपा मान खाली घालून डबे पुसत राहिल्या.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले. "या वेळी माइक नसेल," मी म्हटलं.

त्यांनी चहा पुढे केला. "तुमच्यावर राग नाय माजा. पन त्या दिवशी मी माल नाय विकला, भीक घेतली. सांदन कसं झालं, माइकनंतर एकानं तरी विचारलं? तवापासून हातच चालत नाय."

महिन्याभरात त्या खोली सोडून जासईला भावाकडे गेल्या.

एकदा मी तिथं जाऊन आले. आपा ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली. निघताना भावजय मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ईदला पन सांदनं करत नाय वो आता."