शिंगांना आलेलं उत्तर

मिशिगनच्या उत्तरेकडच्या दलदलीत लेम्पी कार्वोनेन तीस वर्षं हरणांचा माग काढत होती. नोव्हेंबरात नर माजावर आले की खुरांनी माती उकरून त्यावर मुततात. ती माती बोटांनी चोळून ती सांगायची, 'सकाळी येऊन गेलाय.' आणि बाईचं सहसा चुकायचं नाही.

यंदा जीव ओतायचं कारण होतं तिचा थोरला भाऊ ओन्नी. काचबिंदूने त्याची नजर जवळजवळ गेली होती. "यंदा तुला शेवटचा नर मिळवून देते," असं तिनेच कबूल केलं होतं, आणि त्याला शिकारीच्या झोपडीतच बसवून ती निघाली होती.

दुपारी धुकं उतरलं. फक्त धनुष्यबाणाची शिकार सुरू होती, बंदुकीचा हंगाम अजून लागला नव्हता, म्हणून इतर शिकाऱ्यांना लांबून दिसावं यासाठी घालायचं नारिंगी जाकीट तिने गाडीतच ठेवलं होतं. ओल्या मातीपाशी बसून तिने दोन जुनी शिंगं एकमेकांवर आपटली. झुंज ऐकून नर धावत येतो.

ओढ्याकडून उत्तर आलं. खट्‌ खट्‌. थांबून, खट्‌ खट्‌.

लेम्पी हरखली. तिने पुन्हा आपटली. उत्तर आणखी जवळून आलं. पण काटकी मोडत नव्हती, फुरफुरणं नव्हतं. दोन ठोके, मग गप्प. हरणं अशी मोजून मापून झुंजत नाहीत. शिंगं हातात तशीच धरून ती उभी राहिली.

"ये राजा, आणखी एक पाऊल," धुक्यात कुणीतरी कुजबुजलं.

आवाज ओळखून ती खाली बसली, तोच बाण डोक्यावरून जाऊन मागच्या झाडात रुतला.

"ओन्नी! अरे मेल्या, मी आहे!"

झोपडीत न थांबता निघून आलेला ओन्नी झाडामागून चाचपडत आला, हातात धनुष्य, गळ्यात शिंगांची जोडी. "हळू बोल गं! केवढा नर होता! पळवलास ना?"

'हो, पळाला' अशी थाप मारणं सोपं होतं. तिला रडू फुटत होतं.

"नर नव्हता. मीच होते."

"चल, काहीतरीच. मला शिंगं दिसली."

"माझ्या हातातली होती ती."

तो पुढे आला. बोटांनी त्याने तिचं कपाळ चाचपलं, मग केस, मग डोक्याच्या दोन्ही बाजू. नीट, पुन्हा पुन्हा. तिथे काहीच नव्हतं.

मग त्याने धनुष्य तिच्या हातात दिलं.

"लेम्पी," तो म्हणाला, "मला घरी ने."