संदेष्ट्याची दुभाषी

"इस बहन के खून में आज भी जंगल का देवता बैठा है. इसलिए इसकी कोख बंद है."

संदेष्टा माझ्याकडे बोट दाखवून बोलला आणि थांबला. माझ्यासाठीच थांबला. त्याचं हिंदी अहिराणीत सांगायचं काम माझं होतं. पिंप्राळ्यातला भाड्याचा हॉल. समोर सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून जीपने आलेली माझी माणसं. मी माईक तोंडाशी धरला.

"इना रगतमा आजूनबी जंगलना देव बसेल शे. म्हनीसन इनी कूस बंद शे."

माझं मीच सांगितलं. 'इनी' म्हणून. कोणा तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तसं.

लोक हालेलुया म्हणाले. नवरा मान खाली घालून बसला. संदेष्ट्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून इतका जोर दिला, की मी गुडघ्यांवर आले.

माझे आईवडील गावातले पहिले ख्रिस्ती. मी मिशनच्या वसतिगृहात शिकले. तरी मोठ्या शहरातून आलेल्या त्या माणसाला मी जंगलीच दिसले. आठ दिवस रडले. मग रडणं थांबलं आणि एक प्रश्न उरला. मला मूल होत नाही, हे याला सांगितलं कोणी?

देवाने, असं सगळे म्हणत होते. मी मात्र ते दुखणं एकाच माणसापाशी बोलले होते. पाळकबाईंपाशी, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकाच्या बायकोपाशी. त्यांच्या स्वयंपाकघरात, मेथी निवडताना.

पुढच्या सभेआधी पाळकबाईंचा फोन आला. "कोण कोण येतंय गं तुमच्या गावाकडून? कोणाला काय त्रास? प्रार्थनेला बरं पडतं."

हा फोन दर वेळी यायचा. दर वेळी मी भडाभडा सगळं सांगायचे. या वेळीही शेजारच्या अक्कांचा टीबी सांगून झाला होता. बोलता बोलता मनात आलं: आमच्या लोकांची दुःखं संदेष्ट्यापर्यंत माझ्याच तोंडून जात असतील तर?

मी म्हणाले, "बाई, माझ्या धाकट्या बहिणीसाठीही प्रार्थना करा. नवरा दारू पिऊन मारतो तिला."

मला बहीण नाही. मी एकुलती एक.

खोटं बोलल्याचं वाईट वाटलं. पण स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्याची पारख करावी, हेही मी संडे स्कूलमध्येच शिकले होते.

सभेत त्याने डोळे मिटले. माझ्याकडे तोंड केलं. "तेरी छोटी बहन रो रही है. प्रभु मुझे उसके आँसू दिखा रहा है."

पाळकबाई मोठ्याने आमेन म्हणाल्या. मी माईक खाली घेतला. त्याने वाट पाहिली नाही, तो अक्कांकडे वळला. त्यांचा गोळ्यांचा चौथा महिना चालू होता. "माता, आज से गोलियाँ बंद. गोली खाना मतलब प्रभु पर शक करना."

अक्कांना हिंदी कळत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी माईक उचलला. "अक्का, गोया सोडू नका. हाई देवनं बोलनं नई शे. तुमना टीबी मी फोनवर सांगेल शे. आनि हाऊ म्हनस मनी बहीन रडस, पन माले बहीन नई शे, तुमले बठ्ठासले माहीत शे."

पाळकाने येऊन माईक हिसकावला. अगदी हळू आवाजात म्हणाला, "देवाच्या माणसावर बोललीस. वांझच मरशील."

चर्चच्या मंडळीतून माझं नाव काढलं. नवरा महिनाभर धड बोलला नाही. अक्कांनी गोळ्या पूर्ण केल्या, पण माझ्या घरी येत नाहीत. "माझा आजार चार लोकांत तूच काढला," म्हणाल्या. खरंच आहे ते. आधी फोनवर काढला, मग माईकवर.

मी आजही ख्रिस्तीच आहे. रविवारी आमच्या अंगणात सातआठ जण प्रार्थनेला बसतात. तिथे कोणी रडलं, तर ते का रडलं हे मी बाहेर कोणाला सांगत नाही. देव मला तुमच्याबद्दल सांगतो, म्हणत कोणी आला तर त्याला पाणी देईन, बसवेन. कोणाचं नाव, कोणाचं दुखणं, काही कळू देणार नाही. आणि त्याने कोणाच्या औषधावर किंवा कोणाच्या कुशीवर तोंड उघडलं, तर सगळ्यांसमोर त्याला उठवीन आणि रस्त्यापर्यंत नेऊन सोडीन. तो कोणत्याही शहरातून आलेला असो, कोणत्याही पाळकाने पाठवलेला असो.